बाप किल्ली बरोबर, पोर किल्ली चुकीची: वॉलेटच्या कोडमध्ये अडकलेय, मदत हवी

विणकरलेक · ९ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार. सोलापुरातून लिहितेय. दीड वर्षापासून गो भाषेत एक लहानसं बिटकॉइन वॉलेट लिहिते आहे. शिकण्यासाठी सुरू केलं होतं, आता कॉलेजच्या मैत्रिणी आणि नातेवाईक मिळून चाळीसेक जण वापरतात. जवळजवळ सगळे टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या नाण्यांवर. मी सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

माझ्या मावसभावाने मात्र त्यात खरे बिटकॉइन ठेवले. फार नाहीत, पण त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे आहेत. गेल्या आठवड्यात त्याने खात्री म्हणून वॉलेटचे तेच बारा शब्द (ज्यांपासून सगळ्या किल्ल्या निघतात ते) दुसऱ्या एका वॉलेटमध्ये टाकले. ते रिकामं निघालं. माझ्या वॉलेटमध्ये रक्कम दिसते, तिथे पत्तेच वेगळे येतात. त्याचा फोन आला तेव्हापासून मला झोप नाही.

शब्दांचा चेकसम (शब्द चुकले नाहीत ना, याची आतली खूण) बरोबर आहे. बिप ३२ (बिप म्हणजे बिटकॉइनचे क्रमांक लावलेले सुधारणा-प्रस्ताव, ३२ वा किल्ल्या काढण्याचा) मधला पहिला आणि दुसरा चाचणी नमुना माझ्या कोडमधून तंतोतंत निघतो. 'अबँडन' अकरा वेळा आणि शेवटी 'अबाउट' हा बिप ८४ चा नमुनाही चालतो, पहिला पत्ता अक्षर न् अक्षर जुळतो. माझी वाट, म्हणजे मूळ किल्लीपासून खात्याच्या किल्लीपर्यंतच्या पायऱ्या, एम/८४'/०'/०' अशी आहे, त्या दुसऱ्या वॉलेटचीही तीच. भावाने पासफ्रेज (बारा शब्दांना जोडायचा जादा गुप्त मजकूर) ठेवलेला नाही. आणि विशेष म्हणजे टेस्टनेटवर त्याच बारा शब्दांचे पत्ते दोन्हीकडे सारखे येतात! फक्त खऱ्या नेटवर्कवर वेगळे.

कुठे बघू?

भुईकोट · १० जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, सगळ्यात आधी एक. ते बारा शब्द, सीड (शब्दांतून निघणारं मूळ बीज) किंवा एक्सप्रिव्ह (खाजगी किल्ली आणि चेन कोड एकत्र) इथे टाकू नका. कोणी व्यक्तिगत निरोपात मागितले तरी देऊ नका. मदत करतो म्हणणारा पहिला माणूसच कधी कधी त्यासाठी आलेला असतो. भावालाही हेच सांगा.

पार्कचौक · १० जानेवारी, सकाळी ९.३०

नेहमीचे संशयित आधी: वाटेचा पहिला आकडा ४४, ४९, ८४ यांतला वेगळा असणं, ०' ऐवजी नुसता ० लागणं, नाणं क्रमांक (वाटेतला दुसरा आकडा) ० ऐवजी टेस्टनेटचा १ लागणं. तुम्ही वाट तपासलीत, तर ते सोडून देऊ.

दुसरं, पायरीचा अनुक्रमांक चार बाइटमध्ये मोठा बाइट आधी असा लिहायचा असतो. पण तिथे उलटापालट असती तर नमुना १ सुद्धा चालला नसता. जावास्क्रिप्टमध्ये २१४७४८३६४८ वर 'ऑर' चिन्ह वापरलं की संख्या ऋण होते, मी स्वतः एकदा तिथे दोन दिवस घालवलेत. गोमध्ये ते होणार नाही.

टेस्टनेटवर जुळतं आणि मेननेटवर, म्हणजे खऱ्या नेटवर्कवर नाही, ही खूण मात्र महत्त्वाची वाटते. ती सोडू नका.

कडकभाकरी · १० जानेवारी, सकाळी १०.१२

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. बाप किल्ली, पोर किल्ली म्हणजे काय? बारा शब्दांतून हजारो पत्ते निघतात कसे?

विणकरलेक · १० जानेवारी, दुपारी १.२०

बाळबोध अजिबात नाही. मला हे समजायला महिना लागला होता.

आमच्या घरी जेकार्डवर चादरी विणतात. नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या माळेत असते. माळ तीच असेल तर आज विणलेली चादर आणि दहा वर्षांनी विणलेली चादर, नक्षी एकच. वॉलेटमध्ये बारा शब्द म्हणजे ती माळ. शब्दांपासून ६४ बाइटचं सीड होतं (पीबीकेडीएफ२ नावाची रीत, २०४८ फेऱ्या). ते सीड एचमॅक-शा५१२ (माहिती घुसळून ठरावीक लांबीचं उत्तर देणारी रीत) मधून काढलं की पुन्हा ६४ बाइट मिळतात. डावे ३२ ही मूळ खाजगी किल्ली, उजवे ३२ हा चेन कोड. मूळ किल्लीला 'एम' म्हणतात.

मग एमपासून पोर किल्ली, तिच्यापासून नातू, असं खाली जायचं. प्रत्येक पायरीला तीच कृती: बाप किल्ली, तिचा चेन कोड आणि अनुक्रमांक एकत्र एचमॅकमध्ये घालायचे, डावे ३२ बाइट बाप किल्लीत मिळवायचे, उजवे ३२ पोराचा चेन कोड. ही सगळी रीत बिप ३२ मध्ये आहे, पीटर व्हुइल यांनी २०१२ मध्ये मांडलेली. नशिबाचा भाग कुठेच नाही. म्हणूनच दोन वॉलेटांत वेगळी नक्षी आली की कोणीतरी नक्की चुकलंय, आणि मला भीती आहे की ती मीच आहे.

अंकगणित · १० जानेवारी, सायंकाळी ६.४५

मांडणी चांगली केलीस. एक भर घालतो, कारण पुढचं शोधकाम त्यावर अवलंबून आहे.

पोर दोन प्रकारे निघतं. अनुक्रमांक २१४७४८३६४८ पेक्षा लहान असेल तर ते साधं पोर. तिथे एचमॅकमध्ये बापाची सार्वजनिक किल्ली जाते, ३३ बाइटची. अनुक्रमांक त्याहून मोठा किंवा तेवढाच असेल तर ते हार्डन्ड पोर, वाटेत ज्याच्यापुढे ' खूण असते ते. तिथे बापाची खाजगी किल्ली जाते. ती ३२ बाइटची, म्हणून लांबी सारखी करायला पुढे एक शून्याचा बाइट. दोन्हीकडे मग ४ बाइट अनुक्रमांक. एकूण ३७.

साध्या पोराला ताळा आहे. खाजगी बाजूने काढलेल्या किल्लीची सार्वजनिक किल्ली आणि नुसत्या एक्सपबवरून (बापाची सार्वजनिक किल्ली आणि चेन कोड) काढलेली सार्वजनिक किल्ली एकच यायला हवी. चूक झाली की ताळा मोडतो आणि कोडच ओरडतो. हार्डन्ड पोराला असा ताळाच नाही, कारण एक्सपबवरून ते काढताच येत नाही. तिथे चुकीचं उत्तर बरोबर उत्तरासारखंच दिसतं. एचमॅकला कितीही लांबीचं, कसलंही काहीही द्या, ते ६४ बाइट देतंच.

तेव्हा आधी ३७ तपास. हार्डन्ड पायरीला एचमॅकमध्ये जाणाऱ्या माहितीची लांबी प्रत्येक वेळी ३७ आहे ना? आणि भावाच्या वाटेवरची नेमकी कुठली पायरी फुटते ते शोध. प्रत्येक पायरीचा फिंगरप्रिंट म्हणजे सार्वजनिक किल्लीच्या हॅशचे पहिले चारच बाइट, त्यांतून किल्ली कळत नाही. भावाने स्वतः नेट बंद करून दोन्ही लायब्ररींमधून ते काढावेत आणि तुला फक्त तेवढे सांगावेत.

पूर्वभागकर · १० जानेवारी, रात्री ९.५०

ओ ताई, माझंही असंच झालंय की ओ! मी तुमचंच वॉलेट वापरतो, टेस्टनेटवर. दुसरीकडे शब्द टाकले तर पत्ते वेगळे. फक्त मी पासफ्रेज ठेवलाय, मराठीत. पासफ्रेज काढून बघितलं तर दोन्हीकडे सारखं येतं.

पार्कचौक · १० जानेवारी, रात्री १०.३०

पूर्वभागकर, तुमचं दुखणं वेगळं असणार. पासफ्रेजमध्ये 'ऱ्य' आहे का? दऱ्या, कोऱ्या, पांढऱ्या असलं काही? शब्द सांगू नका, फक्त आहे की नाही एवढंच सांगा.

पूर्वभागकर · १० जानेवारी, रात्री १०.३४

आहे! तुम्हाला कसं कळलं?

पार्कचौक · १० जानेवारी, रात्री ११.१५

कारण आपल्या भाषेत ही खाच नेमकी तिथेच आहे. बिप ३९ सांगतं की शब्द आणि पासफ्रेज दोन्ही आधी एनएफकेडी या रीतीने एकसारखे करायचे, मगच सीड काढायचं. युनिकोडमध्ये 'ऱ' हे यू+०९३१ असं एकच चिन्ह आहे. एनएफकेडी त्याचे दोन तुकडे करतं: साधा र आणि नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बाइट बदलतात, आणि बाइट बदलले की सीड पूर्ण वेगळं. इंग्रजी शब्दांना या पायरीने काहीच होत नाही, म्हणून ती गाळली तरी सगळ्या इंग्रजी चाचण्या हिरव्या येतात. विणकरलेक यांच्या कोडमध्ये ती पायरी नसावी.

विणकरलेक · ११ जानेवारी, सकाळी ८.१०

नाही आहे. आत्ता पाहिलं. मला वाटलं होतं की शब्दयादी इंग्रजीच आहे तर गरज नाही. पासफ्रेज कोणी मराठीत ठेवेल हे मराठी माणूस असून मलाच सुचलं नाही, याचं फार वाईट वाटलं. दुरुस्त करते.

पण भावाचं कोडं त्याने सुटत नाही. लांबी रात्रीच तपासली: प्रत्येक हार्डन्ड पायरीला ३७ च. एकदाही ३६ नाही.

फिंगरप्रिंट त्याने काढून दिले:
एम: सारखा.
एम/८४': सारखा.
एम/८४'/०': सारखा.
एम/८४'/०'/०': वेगळा.

म्हणजे बाप बरोबर, आजोबा बरोबर आणि पोर चुकलं. तीच कृती, तेच फंक्शन. वरच्या दोन पायऱ्यांना बरोबर उत्तर देणारं फंक्शन तिसऱ्या पायरीला चुकतं कसं?

बाळीवेस · ११ जानेवारी, सकाळी ११.००

खाते पातळीचा एक्सपब आणि खालच्या कुठल्याही एका पत्त्याची खाजगी किल्ली मला निरोपात पाठवा. एक्सपब सार्वजनिकच असतो आणि एका पत्त्यात रक्कम किती असणार? मी दहा मिनिटांत तपासून सांगतो.

भुईकोट · ११ जानेवारी, सकाळी ११.०८

ताई, पाठवू नका. बाळीवेस, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे लिहिणं धोक्याचं आहे, त्यामुळे कारण इथेच लिहितो. साध्या पोराची किल्ली म्हणजे बाप किल्ली अधिक एचमॅकचे डावे ३२ बाइट. ते ३२ बाइट एक्सपबवरून कोणीही काढू शकतो, कारण त्याला लागणारी बापाची सार्वजनिक किल्ली आणि चेन कोड दोन्ही एक्सपबमध्येच असतात. पोराची खाजगी किल्ली हातात आली की एक वजाबाकी, आणि बापाची खाजगी किल्ली मिळाली. तीच वजाबाकी पुन्हा एकदा, की खात्याची किल्ली. मग त्या खात्यातला प्रत्येक पत्ता उघडा. खाते पातळीपर्यंतच्या पायऱ्या हार्डन्ड ठेवतात त्या याचसाठी, की गळती झाली तरी त्या खात्यापुरती राहावी.

बाळीवेस · ११ जानेवारी, दुपारी १२.२५

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी एका ओळखीच्याकडून असंच तपासून घेतलं होतं. आजच ते खातं रिकामं करून नवीन सीडवर नेतो. धन्यवाद.

अंकगणित · ११ जानेवारी, दुपारी ४.००

विणकरलेक, फिंगरप्रिंटनी अर्धं काम केलं. फंक्शन तेच, म्हणजे फरक त्यात जाणाऱ्या संख्येत आहे. एम/८४'/०' या किल्लीत काहीतरी असं आहे जे वरच्या दोघींत नाही. टेस्टनेटचं कोडंही इथेच सुटतं: तिथे वाट एम/८४'/१' अशी जाते, म्हणजे ती किल्लीच दुसरी. ती सरळ होती म्हणून तिथे जुळलं.

आता भावाची किल्ली बाजूला ठेव. हजार यादृच्छिक सीड घे, दोन्ही लायब्ररींतून एम/८४'/०'/०' काढ आणि किती वेळा फरक पडतो ते मोज. हे प्रमाणच आजाराचं नाव सांगेल.

विणकरलेक · ११ जानेवारी, रात्री १०.५५

हजारात ९. मग दहा हजार घेतले, त्यात ८१.

अंकगणित · ११ जानेवारी, रात्री ११.२०

सुमारे १२८ मध्ये एक. एका बाइटच्या २५६ किमती असतात. एखादी गोष्ट २५६ मध्ये एकदा होत असेल आणि तिला दोन संधी असतील, तर नेमकं हेच प्रमाण येतं. संधी तीन असत्या तर साधारण ८६ मध्ये एक आलं असतं. हार्डन्ड पायऱ्या तीन, त्यांचे बाप तीन: एम, एम/८४', एम/८४'/०'. त्यातला एक सुटतोय आणि दोन अडकताहेत.

किल्लीचा पहिला बाइट शून्य असणं ही २५६ मध्ये एक घटना आहे. तुझ्या ८१ पैकी एक टाकाऊ सीड घे आणि एचमॅकमध्ये जाणारे ३७ बाइट एकेक करून छाप. लांबी बघू नकोस, मजकूर बघ.

विणकरलेक · १२ जानेवारी, पहाटे २.४०

सापडलं. सर, सापडलं!

मी ३७ रिकाम्या घरांची पट्टी आधीच करून ठेवते. घर ० मध्ये शून्य. घर १ पासून बाप किल्ली चिकटवते. घर ३३ पासून अनुक्रमांक. किल्ली मी मोठ्या पूर्णांकातून बाइट काढून घेते, आणि गोमधलं ते 'बाइट्स' फंक्शन पुढची शून्यं टाकून देतं. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, संख्येला पुढच्या शून्यांनी काय फरक पडतो? किल्ली शून्याने सुरू होत असेल तर ३१ च बाइट येतात. ते घर १ पासून बसतात आणि घर ३२ रिकामं राहतं, म्हणजे तिथे शून्य. लांबी ३७ च. पण सगळी किल्ली एक घर डावीकडे सरकलेली. पुढचं शून्य मागे गेलं.

छापलेल्या ओळींत ते स्पष्ट दिसतं. बरोबर ओळीत सुरुवातीला दोन शून्य हवीत, माझ्याकडे एकच, आणि दुसरं अनुक्रमांकाच्या अगदी आधी. जेकार्डच्या पत्त्यांच्या माळेत एक ओळ सरकावी तसं. नक्षी येते, पण दुसरीच.

मी ३७ बघून निर्धास्त झाले होते. त्या पट्टीची लांबी मीच ठरवली होती, ती चुकणार कशी होती?

पार्कचौक · १२ जानेवारी, सकाळी ९.००

शाब्बास! आता दोन बाप का अडकतात आणि एम का सुटतो तेही बघा: तुम्ही एम थेट एचमॅकच्या डाव्या ३२ बाइटमधून कापून ठेवत असणार, पूर्णांक न करता. पोरं मात्र बेरीज आणि भागाकाराची बाकी काढून येतात, म्हणून त्यांना पूर्णांकातून परत बाइटमध्ये यावं लागतं. गळती तिथे.

बिप ३२ मध्ये चाचणी नमुने पाच आहेत, दोन नाहीत. तिसरा आणि चौथा पुढच्या शून्यांसाठीच नंतर जोडले गेले, कारण नावाजलेल्या लायब्ररींमध्ये हीच चूक सापडली होती. तुम्ही एकट्या नाही आहात. पाचव्यात मुद्दाम बिघडवलेल्या किल्ल्या आहेत, त्या कोडने नाकारायच्या असतात. माझा अंदाज: तुमच्याकडे तिसरा पास होईल आणि चौथा नापास.

जावात याच्या उलट होतं. तिथे वरचा बिट १ असेल तर पुढे एक जादा शून्य लागतं आणि ३३ बाइट येतात. तो घोटाळा निम्म्या किल्ल्यांना होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी सापडतो. तुमचा १२८ मध्ये एकदाच, म्हणून दीड वर्ष लपून राहिला.

विणकरलेक · १२ जानेवारी, सकाळी ९.४५

तुमचा अंदाज खरा. तिसरा पास, चौथा नापास. तिसऱ्यात शून्याने सुरू होणारी किल्ली एम हीच आहे, चौथ्यात ती एम/०' आहे.

दुरुस्ती एका ओळीची. 'बाइट्स' ऐवजी 'फिलबाइट्स', ३२ घरांच्या पट्टीत. ते उजवीकडून भरतं आणि पुढची घरं शून्य ठेवतं. गो १.१५ पासून आहे. आता पाचही नमुने आणि दहा हजार सीड, एकही फरक नाही.

आज संध्याकाळी नवी आवृत्ती काढते.

भुईकोट · १२ जानेवारी, सकाळी ९.५२

थांबा! नुसती ही दुरुस्ती सोडली तर भावाची रक्कम तुमच्या वॉलेटमधूनही दिसेनाशी होईल.

अंकगणित · १२ जानेवारी, सकाळी १०.३०

भुईकोट बरोबर सांगताहेत. नाणी ज्या पत्त्यांवर आहेत ते चुकीच्या रीतीने निघालेले असले तरी खरे पत्ते आहेत. त्यांच्या खाजगी किल्ल्या खऱ्या आहेत, सही चालते. फक्त त्या किल्ल्यांकडे जाणारी वाट जगात तुझ्या जुन्या कोडलाच ठाऊक आहे. ते तीस ओळींचं चुकीचं फंक्शन आत्ता तरी भावाच्या पैशांची एकमेव चावी आहे. त्याला जपून ठेव.

विणकरलेक · १२ जानेवारी, दुपारी ३.१५

हे वाचून हातपाय गार पडले. मी खरोखर जुनं फंक्शन पुसून टाकलं होतं. गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) परत आणलं.

आणखी एक कळलं: असे किती जण आहेत हे मला माहीतच होऊ शकत नाही. माझ्याकडे कोणाचेही शब्द नाहीत, सर्व्हर नाही, आणि नसायलाच हवेत. म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर वॉलेटनेच स्वतः तपासायला हवं. असं ठरवलंय: उघडल्यावर खात्याची किल्ली दोन्ही रीतींनी काढायची. दोन्ही सारख्या आल्या तर काहीच करायचं नाही. वेगळ्या आल्या तर जुन्या वाटेवरचे पत्तेही शोधायचे, येणारे आणि सुट्ट्या रकमेचे (खर्चातून उरलेली रक्कम परत येते ते) दोन्ही, सलग २० रिकामे लागेपर्यंत. रक्कम सापडली तर ती नव्या, बरोबर वाटेच्या पत्त्यावर हलवायची का ते माणसाला विचारायचं, शुल्क आधी दाखवायचं. जुन्या वाटेवर नवीन पत्ता कधीच द्यायचा नाही.

काही सुटतंय का?

पार्कचौक · १२ जानेवारी, दुपारी ४.०५

पासफ्रेजलाही हेच लागू करा. एनएफकेडी आणलंत की पूर्वभागकरांचे पत्ते बदलणार. त्यांचं टेस्टनेट आहे म्हणून निभावेल, दुसऱ्या कोणाचं नसेल. म्हणजे जुन्या वाटा दोन आणि त्यांच्या जोड्या धरून तीन: जुना पासफ्रेज, जुनी किल्ली, दोन्ही जुने.

जपानी शब्दयादीचे चाचणी नमुनेही चालवा. त्यांत पासफ्रेज मुद्दाम अवघड अक्षरांचा आहे. एनएफकेडी विसरलं की ते लगेच पडतात.

पूर्वभागकर · १२ जानेवारी, रात्री ८.२०

ताई, तुम्ही पाठवलेली चाचणी आवृत्ती घातली. फोनवर आता दोन्ही वॉलेटचे पत्ते जुळले! पण कारखान्यातल्या संगणकावर तोच पासफ्रेज टाइप केला तर परत वेगळे. अक्षरं तीच दिसतात. दहा वेळा टाइप करून बघितलं.

पार्कचौक · १२ जानेवारी, रात्री ९.४०

याला एनएफकेडीचा इलाज नाही. 'ऱ्य' मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडचिन्हाचा बाइटसमूह, यू+२००डी. पडद्यावर हुबेहूब एक. फोनचा कीबोर्ड पहिला प्रकार देतो, तुमच्या संगणकाचा दुसरा देत असणार. एनएफकेडी पहिल्याचे तुकडे करतं, पण दुसऱ्यातलं न दिसणारं चिन्ह काढत नाही. नियमाप्रमाणे हे दोन वेगळे पासफ्रेज आहेत आणि दोन वेगळी वॉलेट.

विणकरलेक, हे चिन्ह तुमच्या कोडमध्ये गुपचूप काढून टाकू नका. तसं केलंत तर तुमचं वॉलेट पुन्हा बाकी जगापासून वेगळं पडेल.

विणकरलेक · १२ जानेवारी, रात्री ११.३०

नाही काढणार. पासफ्रेज टाकायच्या पडद्यावर प्रत्येक चिन्ह सुटं दाखवण्याची सोय केली आहे, न दिसणारं असेल तर त्याच्या जागी चौकट आणि क्रमांक. पहिल्यांदा ठेवतानाच इशारा: हा पासफ्रेज दुसऱ्या कीबोर्डवर टाइप करून पुन्हा जुळवून पाहा, मगच रक्कम ठेवा. पूर्वभागकर काका, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं.

कडकभाकरी · १३ जानेवारी, सकाळी ८.००

शेवटपर्यंत वाचलं, कागद घेऊन ३७ घरं काढली आणि शून्य सरकवून पाहिलं. समजलं. एक विचारू? किल्लीच्या पुढे दोन शून्य बाइट आले तर?

अंकगणित · १३ जानेवारी, सकाळी ९.१०

छान प्रश्न. मग किल्ली दोन घरं सरकते. ६५५३६ मध्ये एकदा. फिलबाइट्स दोन्ही सारखंच सांभाळतं. जुन्या वाटेचं फंक्शन मात्र जसंच्या तसं जुनंच असायला हवं, म्हणजे त्यात दोन घरं सरकणंही आपोआप येतं. म्हणूनच जुनी चूक नव्याने लिहून काढायची नाही, तीच फाइल ठेवायची.

विणकरलेक, आणखी एक. एचमॅकचे डावे ३२ बाइट वक्राच्या क्रमाइतके (किल्लीच्या संख्येची ठरलेली मर्यादा) किंवा त्याहून मोठे आले किंवा बेरीज शून्य आली, तर ते पोर अवैध ठरवून पुढच्या क्रमांकावर जायचं असतं. शक्यता २ च्या १२७ व्या घातात एकाहूनही कमी. ती कधी दिसणार नाही, पण ती तपासणीची ओळ तुझ्या कोडमध्ये मला दिसली नाही. लिहून ठेव.

विणकरलेक · १३ जानेवारी, सकाळी ११.२५

लिहिली, सर.

भाऊ आत्ता माझ्याशेजारी बसलाय. घरचे गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलेत, आम्ही दोघं थांबलो. आधी टेस्टनेटवर एक बिघडलेलं सीड बनवून पूर्ण रंगीत तालीम केली: जुन्या वाटेवर खोटी नाणी टाकली, नव्या आवृत्तीने शोधली, हलवली. मग त्याच्या खऱ्या वॉलेटवर. नव्या आवृत्तीने पाच पत्ते शोधले, त्यातला एक सुट्ट्या रकमेचा. बेरीज त्याच्या वहीतल्या आकड्याशी जुळली. पहिल्यांदा फक्त सगळ्यात लहान रक्कम पाठवतोय.

विणकरलेक · १३ जानेवारी, सायंकाळी ५.५०

लहान रक्कम दुपारीच पोचली. ती दुसऱ्या वॉलेटमध्ये त्याच बारा शब्दांवर दिसल्यावर बाकीची पाठवली. आत्ता सहा पुष्ट्या पूर्ण झाल्या. दोन्ही वॉलेटमध्ये एकच आकडा आहे.

नवी आवृत्ती काढली. चौथा नमुना, जपानी नमुने आणि दहा हजार सीडांची तुलना आता प्रत्येक बदलाआधी आपोआप चालते. चाळीस जणांपैकी ज्यांचे नंबर आहेत त्यांना एकेकाला फोन करतेय, अठरा झाले. कोणाला ओळखीतून हे वॉलेट मिळालं असेल आणि माझा फोन आला नसेल, तर कृपया जुनी आवृत्ती काढून टाकू नका. आधी नवी वर चढवा आणि ती काय दाखवते ते इथे लिहा. शब्द लिहू नका.